जुन्या फायटरचे स्पेअर पार्ट मिळतात कुठून, आणि 'सगळं स्टॉकमध्ये आहे' म्हणणाऱ्या ब्रोकरला ॲडव्हान्स द्यावा का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमची कंपनी आत्तापर्यंत इंडस्ट्रियल बेअरिंग, सील, व्हॉल्व असलं सप्लाय करत होती, आता एका मेंटेनन्स कॉन्ट्रॅक्टरने जुन्या फायटर विमानाच्या ४० आयटमची लिस्ट हातात दिलीये. मूळ कंपनीने निम्म्या ओळींपुढे 'उत्पादन बंद' लिहिलं आणि उरलेल्यांना दीड वर्षाचा लीड टाइम, म्हणजे ऑर्डरपासून माल हातात येईपर्यंतचा वेळ. आणि एक परदेशी ब्रोकर म्हणतोय की सगळंच्या सगळं स्टॉकमध्ये आहे, सर्टिफिकेटसकट, तीन आठवड्यात पाठवतो, फक्त ५० टक्के ॲडव्हान्स टाका. घ्यावं का, आणि असे पार्ट मुळात येतात कुठून.

ॲडव्हान्स देऊ नका. ब्रोकर चोर आहे असं मी म्हणत नाहीये, मला तो माहीतही नाही. पण ४० ओळी, त्यात बेअरिंग पण, इलेक्ट्रॉनिक कार्ड पण, हायड्रॉलिक पंप पण आणि रबरी सील पण, आणि हे सगळं एकाच माणसाच्या गोडाऊनमध्ये, तेही लाइन बंद पडून कैक वर्षं झालेल्या विमानाचं, असं होत नाही हो. खरा स्टॉकिस्ट ४० पैकी पाच-सात ओळींना कोट देतो आणि बाकीच्यांपुढे सरळ 'नो बिड' लिहितो. सगळ्याला हो म्हणणारा बहुतेक वेळा तुमची लिस्ट पुढे दहा जणांना ढकलून बसलेला असतो आणि तुमचे पैसे आले की मग शोधायला लागणार असतो. आडातच नसेल तर त्याच्या पोहऱ्यात कुठून येणार.

बाकी बरंच काही परिस्थितीवर आहे हे मान्य. विमान कुठल्या बनावटीचं, शेवटी वापरणार कोण, विकणाऱ्या देशाशी त्या वापरणाऱ्याचे आज संबंध कसे, आणि आयटम विमान पडण्या-न पडण्याशी किती जोडलेला, या चार गोष्टींवर उत्तर पार बदलतं. यातलं तुम्ही काही लिहिलेलं नाही आणि कृपा करून इथे उघड लिहूही नका. मी खरेदी आणि रिपेअर कॉन्ट्रॅक्टच्या बाजूला काम केलंय, डिझाइन इंजिनिअर नाही, तेव्हा पुढचं सगळं त्या खुर्चीतून आहे असं समजा.

या कामात नवीन आलेला माणूस पहिलं विचारतो की पार्ट मिळेल कुठे. त्याआधी विचारायचं असतं की तो मिळत का नाहीये. कारण 'मिळत नाही' हे वाक्य चार वेगळ्या कारणांनी कानावर येतं. एक म्हणजे बनवणारा खरंच थांबलाय, लाइन मोडली, टूलिंग भंगारात गेलं. दुसरं, बनवणारा आहे पण तुमची ऑर्डर एवढीशी की त्याला मशीन सेट करणं परवडत नाही. तिसरं, पार्ट आहे पण तुम्हाला द्यायला परवानगी नाही. आणि चौथं, पार्ट पण आहे, परवानगी पण आहे, फक्त तुम्ही जो नंबर विचारताय तो नंबर मेलाय आणि तीच वस्तू दुसऱ्या नंबराने आरामात चालू आहे. चौघांचे रस्ते वेगळे, आणि ब्रोकर मात्र चारही ठिकाणी सारखाच सोयीचा वाटतो, तिथेच लोक फसतात.

चौथ्यापासून सुरुवात करा कारण त्याला पैसे लागत नाहीत. पश्चिमी विमान असेल तर जवळपास प्रत्येक आयटमला नाटो स्टॉक नंबर असतो, १३ आकडी. पहिले चार आकडे वस्तूचा वर्ग, म्हणजे ३११० बेअरिंग, ५३३१ ओ रिंग (गोल सील), १६५० विमानाचं हायड्रॉलिक सामान, १३७७ स्फोटक कार्ट्रिजवर चालणारी उपकरणं. पुढचे दोन आकडे नंबर देणारा देश सांगतात, ०० आणि ०१ अमेरिका, १२ जर्मनी, १४ फ्रान्स, ९९ ब्रिटन. आता गंमत अशी की एका स्टॉक नंबरखाली दोन-चार कंपन्यांचे वेगवेगळे पार्ट नंबर बसलेले असू शकतात. विमान बनवणारी कंपनी स्वतः बेअरिंग बनवत नाही, ती बेअरिंगवाल्याकडून घेते आणि त्यावर आपला नंबर चिकटवते. तुमच्या लिस्टवर विमान कंपनीचा नंबर आहे, ती कंपनी म्हणते बंद, आणि बेअरिंगवाला तेच बेअरिंग स्वतःच्या नंबराने अजून बनवतोय, हे मी खूपदा पाहिलंय. इथे तुमचा आधीचा धंदा कामाला येईल.

पण एक पथ्य पाळा. माप जुळलं म्हणजे पार्ट जुळला असं नाही. विमान कंपनीच्या ड्रॉइंगवर कधीकधी लिहिलेलं असतं की फक्त अमुक क्लिअरन्सचे निवडून घेतलेले, अमुक ग्रीस भरलेले, अमुक तपासणी झालेलेच चालतील. म्हणून तिथे वेगळा नंबर दिलेला असतो. ड्रॉइंग दोन प्रकारची असतात, एकात स्पेसिफिकेशन दिलेलं असतं आणि ते पूर्ण करेल तो कोणीही चालतो, दुसऱ्यात ठराविक मंजूर कंपन्यांची नावंच असतात आणि त्याबाहेरचं काहीही चालत नाही. कुठलं ड्रॉइंग आहे हे कॉन्ट्रॅक्टरला विचारा, त्याने टाळाटाळ केली तर त्या ओळीला हात लावू नका.

अशीच शोधाशोध इंजिनाच्या बाबतीतही करायची. एफ-५ हे १९५९ मध्ये पहिल्यांदा उडालेलं विमान, तरी त्याचं जे८५ इंजिन टी-३८ ट्रेनरमध्येही आहे, आणि त्याच इंजिनाचा नागरी अवतार सीजे६१० सुरुवातीच्या लिअरजेटमध्ये होता. म्हणजे विमानाची लाइन कधीच बंद झाली तरी इंजिनाभोवती काम करणारी दुकानं टिकून राहिली. नातं आहे म्हणून प्रत्येक पार्ट बसेल असं अर्थातच नाही, पण कोणाला फोन करायचा ते कळतं. ज्या फायटरच्या इंजिनाला असं कोणी भाऊबंद नाही त्याचं म्हातारपण फार कठीण जातं.

दुसरं कारण, छोटी ऑर्डर. यात सांगण्यासारखं थोडंच आहे. फोर्जिंग किंवा कास्टिंगवाल्याला तीन नग नको असतात, त्याला एक पूर्ण लॉट हवा असतो. तेच विमान वापरणारे अजून कोणी असतील तर ऑर्डर एकत्र करून घ्यायची, नाहीतर वर्षाची गरज एकदम पाच वर्षांची म्हणून घ्यायची. दीड वर्षाचा लीड टाइम ऐकून घाबरू नका, जुन्या पार्टला तो वाईट नाही. मूळ कंपनीने दीड वर्ष सांगितलं याचा अर्थ ती बनवायला तयार आहे, त्या ओळी ब्रोकरकडे नेऊच नका.

याच ठिकाणी एक गोष्ट लोक विसरतात ती म्हणजे रिपेअर. काखेत कळसा आणि गावाला वळसा हा प्रकार या धंद्यात रोजचा आहे. कॉन्ट्रॅक्टर नवीन हायड्रॉलिक पंप मागतोय, तर त्याच्या स्टोअरमध्ये तसलेच बिघडलेले पंप पडलेले असतात, प्रत्येकाचं काहीतरी वेगळं गेलेलं, एकाचं सील, एकाचं बेअरिंग, एकाचा शाफ्ट. चार मेलेल्या पंपांतून दोन चांगले निघू शकतात, अट अशी की ओव्हरहॉल मॅन्युअल हवं, आतल्या किटचे पार्ट हवेत, आणि शेवटी तो पंप ज्यावर चालवून बघायचा ती टेस्ट बेंच चालू हवी. बेंच पण तेवढीच जुनी असते हो. माझं स्पष्ट मत आहे की एखादा देश विमान रिटायर करतो तेव्हा त्याच्याकडून विमानं घेण्याआधी बेंच, जिग, टूलिंग आणि मॅन्युअलचे गठ्ठे मागून घ्यावेत. सगळ्यांचं लक्ष एअरफ्रेमकडे, म्हणजे विमानाच्या सांगाड्याकडे असतं, कारण तिचा फोटो चांगला येतो, आणि बेंच भंगारवाला घेऊन जातो.

आता पहिलं कारण, उत्पादन खरंच बंद. तुमच्या 'येतात कुठून'चं मोठं उत्तर इथे आहे. एक तर रिटायर झालेली विमानं. ही काही चोरटी वाट नाही, देश उघडपणे करतात. जॅग्वार घ्या, फ्रान्सने २००५ ला, ब्रिटनने २००७ ला आणि ओमानने २०१४ ला सेवेतून काढलं, उरला फक्त भारत, मग २०१८ मध्ये फ्रान्सकडून ३१ एअरफ्रेम स्पेअर्ससाठी घ्यायचं ठरलं. २०२१ मध्ये भारतीय हवाई दलाने फ्रान्समधून २४ जुनी मिराज २००० घेतली, २.७ कोटी युरोचा सौदा असं तेव्हा छापून आलं होतं. पाकिस्तानने १९९० मध्ये ऑस्ट्रेलियाची ५० जुनी मिराज ३ उचलली. कॅनडाने ऑस्ट्रेलियाकडून वापरलेली एफ-१८ घेतली तेव्हा १८ उडवायला आणि ७ सुटे भाग काढायला असा हिशेबच होता. पोलंडला जर्मनीने २२ मिग-२९ प्रत्येकी १ युरोला दिली. अमेरिकेचं तर ॲरिझोनात टुसॉनजवळ डेव्हिस-मॉन्थनला कोरड्या वाळवंटात विमानांचं भलंमोठं साठवण केंद्र आहे, तिथे कुठली विमानं जशीच्या तशी जपायची आणि कुठली पार्टसाठी उघडायची याची वर्गवारी ठरलेली असते.

ऐकायला छान वाटतं, स्वस्तात ३१ एअरफ्रेम. पण आत काय असतं ते ऐका. जो पार्ट तुमच्याकडे सारखा खराब होतो तो आधीच्या मालकाकडेही सारखाच खराब होत होता. त्याला कमी पडला तेव्हा त्याने तो कुठून काढला असेल? रांगेत शेवटी उभ्या असलेल्या विमानातून. म्हणजे पार्ट काढायला घेतलेलं डोनर विमान तुमच्याकडे येतं तेव्हा नेमकं तुम्हाला हवं ते आधीच गायब असतं, आणि जे कधीच बिघडत नाही, पॅनेल, दरवाजे, ब्रॅकेट, ते भरपूर असतं. अगदीच टाकाऊ नाही, पक्षी आदळून लीडिंग एज (पंखाची पुढची कड) गेली किंवा टोइंग करताना दार वाकलं तर तेच सोन्यासारखं वाटतं. पण लँडिंग गिअर, पंखाचं मुख्य फिटिंग, स्पार (पंखाचा आतला कणा) असलं काही डोनरमधून घेताना त्याने किती तास, किती लँडिंग, किती जी (वळताना येणारा भार) झेललेत याची नोंद हवी. एकाच डिझाइनची विमानं एकाच जागी थकतात, तुमच्या विमानाला जिथे क्रॅक आला तिथेच त्यालाही यायच्या बेतात असणार. इंजिनाच्या डिस्कसारख्या फिरत्या भागांना तर मोजून आयुष्य दिलेलं असतं, नोंद नसेल तर तो भाग संपलाच असं धरायचं, तो कितीही चकचकीत दिसू दे.

डोनर घेणारे सुरुवातीला अजून एक घोळ घालतात, लागेल तसं काढू म्हणून विमान तसंच उभं ठेवतात. तीन पावसाळे गेले की कनेक्टर हिरवे पडतात आणि होज कडक होतात. यायच्या आठवड्यातच ठरलेले भाग काढून, प्रिझर्व्ह करून, टॅग लावून रॅकवर गेले पाहिजेत. आणि स्वतःच्या उडत्या ताफ्यातून एकाचं काढून दुसऱ्याला लावणं, ज्याला कॅनिबलायझेशन म्हणतात, त्यात काम दुप्पट होतं आणि प्रत्येक वेळी काढता-घालता दोन क्लिप आणि एक पाइप नवीन मोडतो, अडीअडचणीला ठीक आहे, सवय लागली की एक विमान हँगरच्या कोपऱ्यात कायमचं बसतं.

दुसरा स्रोत म्हणजे सरप्लस, सरकारी स्टोअरमधून निकालात निघालेला न वापरलेला माल. तुमच्या ब्रोकरचा माल असलाच तर बहुधा हा असेल. यात खरोखर चांगल्या वस्तू मिळतात, ३० वर्षांपूर्वीच्या सीलबंद पाकिटात. पण 'नवीन' आणि 'वापरण्याजोगा' यात फरक आहे. नायट्राइल रबराच्या ओ रिंगला साधारण १५ वर्षं शेल्फ लाइफ धरतात, तीही पाकिटावरच्या क्युअर डेटपासून, जी तिमाही आणि वर्ष अशी छापलेली असते. पंप कधी वापरलाच नाही म्हणून नवीन, पण त्याच्या आतलं सील पण तेवढंच म्हातारं, लावल्यावर पहिल्या आठवड्यात गळणार. ग्रीस भरून सीलबंद बेअरिंगमधलं ग्रीस साबणासारखं होतं. ॲल्युमिनियम इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वर्षानुवर्षं नुसते पडून राहिले की आतला ऑक्साइडचा थर खराब होतो आणि एकदम व्होल्टेज दिलं की फुटू शकतात. म्हणून सरप्लस युनिट घेताना त्याच्या किमतीत एका ओव्हरहॉलची किंमत मिळवूनच तुलना करायची, मग बरेच 'स्वस्त' सौदे स्वस्त राहत नाहीत.

इलेक्ट्रॉनिक कार्ड आणि चिप हा वेगळाच विषय. फायटर ४० वर्षं चालतं, चिप बनवणारा काही वर्षांत ती चिप बंद करतो. बंद करताना तो शेवटची ऑर्डर द्या म्हणून नोटीस काढतो, ती वेळेत कोणी वाचली नाही तर नंतर मोकळ्या बाजारात फिरावं लागतं, आणि मोकळ्या बाजारात नकली मालाचा सुळसुळाट आहे. अमेरिकन सिनेटच्या आर्म्ड सर्व्हिसेस कमिटीने २०१२ मध्ये चौकशी अहवाल काढला, त्यात संरक्षण पुरवठा साखळीत नकली असल्याचा संशय असलेल्या इलेक्ट्रॉनिक पार्टची सुमारे १८०० प्रकरणं आणि १० लाखांहून जास्त नग सापडले होते, आणि बहुतेक माग चीनपर्यंत जात होता. पद्धत साधी आहे, टाकून दिलेल्या बोर्डवरून चिप गरम करून उचलायची, वरचं छापलेलं घासून काढायचं, काळा थर देऊन नवा नंबर आणि नवी तारीख मारायची. पकडायचं कसं, तर डेट कोड बघा, उत्पादन बंद झाल्यानंतरची तारीख असेल तर विषय संपला. सॉल्व्हंट लावलेल्या कापसाने पुसून बघा, एकाच लॉटमधल्या चार-पाच चिपचा एक्सरे काढून आतली डाय (सिलिकॉनचा तुकडा) सारख्या मापाची आहे का बघा, पायांवर जुन्या सोल्डरच्या खुणा बघा. हे चांगल्या लॅबकडून करून घ्यायचं, यासाठी एएस ६१७१ नावाचं स्टँडर्ड आहे, आणि नकली माल टाळायची एकूण व्यवस्था एएस ५५५३ मध्ये दिलीये.

त्यापेक्षा चांगली वाट म्हणजे बंद झालेल्या चिप मूळ कंपनीच्या परवानगीने साठवणाऱ्या आणि बनवणाऱ्या कंपन्या, रोचेस्टर इलेक्ट्रॉनिक्ससारख्या. किंमत बघून डोळे पांढरे होतात, पण चिप खरी असते. आणि एका मर्यादेनंतर चिप शोधणं सोडून अख्खा बॉक्सच नवीन बसवणं शहाणपणाचं ठरतं. ब्राझीलने एफ-५ चं एफ-५एम केलं, भारताने जॅग्वारला डॅरिन-३ नावाचं इलेक्ट्रॉनिक्सचं अपग्रेड दिलं, यात नवी क्षमता मिळते हे बातमीत येतं, जुन्या कार्डांच्या शोधातून सुटका होते हे येत नाही.

तिसरं कारण, परवानगी. मालाची गोडाऊनं तुडुंब भरलेली असतात आणि तरी तुम्हाला मिळत नाही. अर्जेंटिनाने फ्रान्सकडून पाच सुपर एतांदार घेतली, २०१९ मध्ये ती पोचली, आणि सेवेत येऊच शकली नाहीत. त्यात एक मोठं कारण पायलटला बाहेर फेकणाऱ्या इजेक्शन सीटच्या स्फोटक कार्ट्रिज, सीट मार्टिन-बेकर कंपनीची म्हणजे ब्रिटिश, आणि १९८२ च्या फॉकलंड युद्धानंतर ब्रिटनने अर्जेंटिनाला लष्करी सामान देण्यावर निर्बंध घातले होते. पुढे कोरियाचं एफए-५० घ्यायचं म्हटलं तर २०२० मध्ये कोरियन कंपनीने कळवलं की विमानात सहा ब्रिटिश घटक आहेत, जमणार नाही. इराणकडे अमेरिकेने दिलेली ७९ एफ-१४ होती, अमेरिकन नौदलाने २००६ मध्ये स्वतःची रिटायर केल्यावर ती अक्षरशः कापून टाकायला घेतली आणि २००८ मध्ये एफ-१४ चे पार्ट विकण्यावर कायद्यानेच बंदी घातली, सुटे भाग फिरत फिरत तिकडे पोचू नयेत म्हणून. १९९७ मध्ये अमेरिकेने मोल्डोव्हाची २१ मिग-२९ विकत घेतली तीही इराणच्या हाती लागू नयेत म्हणूनच. १९९८ च्या अणुचाचणीनंतर भारतीय नौदलाची ब्रिटिश बनावटीची सी किंग हेलिकॉप्टरं स्पेअर्सअभावी जमिनीवर बसली, कारण त्यातले काही घटक अमेरिकन परवानगीत येत होते.

तेव्हा विमान कुठल्या देशाचं यापेक्षा पार्टच्या आत कुठल्या देशाचं काय आहे हे बघावं लागतं. अमेरिकन मूळ असेल तर तो पार्ट जगात कितीही हातांतून फिरला तरी अमेरिकेचा निर्यात कायदा त्याच्या मागे मागे फिरतो, पुन्हा विकायला परवानगी, एंड यूजर सर्टिफिकेट (शेवटी वापरणार कोण याचा लेखी कागद), सगळं. तुमचा ब्रोकर तिसऱ्या देशात बसलाय म्हणून हे टळत नाही. इराणला एफ-१४ किंवा एफ-५ चे पार्ट पाठवायच्या प्रयत्नात अमेरिकन कोर्टात शिक्षा झालेले लोक बहुतेक असेच छोटे ट्रेडर होते. ब्रोकर म्हणाला 'लायसन्सची गरज नाही, आम्ही औद्योगिक पार्ट म्हणून पाठवतो', तर फोन ठेवून द्या, यात दुसरं मत नाही.

सोव्हिएत बनावटीचं विमान असेल तर गुंता वेगळा. १९९१ नंतर एकाच विमानाचे कारखाने वेगवेगळ्या देशांत गेले, सु-२५ ची एक लाइन जॉर्जियात तिबिलिसीला, बरीच इंजिनं युक्रेनमध्ये झापोरिझियाला, आणि २०२२ मध्ये रशिया आणि युक्रेनमध्येच मोठं युद्ध पेटलं. तिथे प्रत्येक युनिटबरोबर पासपोर्ट नावाची पुस्तिका असते, त्यात तास, कॅलेंडर आयुष्य, ओव्हरहॉल, शिक्के सगळं. पुस्तिका खरी पण युनिट दुसरं, हा तिकडचा नेहमीचा खेळ, म्हणून धातूवर कोरलेला सिरियल नंबर आधी वाचायचा आणि मग पुस्तिका उघडायची.

कागदांचं आता. तुमचा ब्रोकर म्हणतो सर्टिफिकेट देतो. कोणाचं सर्टिफिकेट? त्याने स्वतःच्या लेटरहेडवर दिलेलं सर्टिफिकेट ऑफ कन्फॉर्मन्स म्हणजे त्याचा शब्द, बाकी काही नाही. तुम्हाला बनवणाऱ्याचा कागद हवा आणि तिथून त्याच्यापर्यंत प्रत्येक हाताचा कागद हवा. अमेरिकन लष्करी सरप्लसवर पिवळा डीडी १५७४ टॅग असतो, म्हणजे त्या तारखेला तो वापरण्याजोगा ठरला होता, तारीख १९९१ ची असेल तर तेवढंच समजायचं. कंडिशन कोड ए म्हणजे चांगला, एफ म्हणजे रिपेअर लागेल असा, एच म्हणजे बाद. डीमिल कोड, म्हणजे लष्करी माल विकण्याआधी निकामी करायचा का हे सांगणारा कोड, तोही विचारा, डी असेल तर नियमाने तो विकायच्या आधी नष्ट व्हायला हवा होता, मग हा बाहेर आला कसा? आणि निव्वळ लष्करी पार्टवर कोणी नागरी विमानांच्या पार्टचा मंजुरीचा कागद, अमेरिकेचा ८१३०-३ किंवा युरोपचा ईएएसए फॉर्म १, दाखवला तर खूश होऊ नका, नागरी मंजुरी नसलेल्या डिझाइनला तो फॉर्म साधारणपणे मिळतच नाही. फॉर्म बनावट करणं किती सोपं ते २०२३ मध्ये सगळ्यांनी पाहिलं, लंडनच्या एओजी टेक्निक्सने प्रवासी विमानांच्या सीएफएम५६ इंजिनांसाठी खोट्या कागदांसह हजारो पार्ट खपवले होते, आणि ते मोठमोठ्या एअरलाइनच्या इंजिनांत जाऊन बसले. ते उघडकीस आलं कारण एका ग्राहकाच्या बाजूने कागद देणाऱ्यालाच उलट विचारलं गेलं की हा तुमचाच का. तुम्हीही तेच करा, फॉर्मवर ज्याचं नाव आहे त्याला मेल टाका, आणि मेल आयडी फॉर्मवरचा घेऊ नका, स्वतः शोधा.

नवीन बनवून घ्यायचा पर्याय राहिला, ड्रॉइंग नसेल तर नमुना मोजून. सगळे थ्रीडी प्रिंटिंगबद्दल विचारतात. ब्रिटनच्या टॉर्नेडोवर २०१३ च्या शेवटी प्रिंट केलेले पार्ट उडाले, पण कुठले बघा, कॉकपिटमधल्या रेडिओचं संरक्षक कव्हर, शाफ्टचं गार्ड असले. कव्हर, ब्रॅकेट, नॉब, डक्ट, याला ही वाट मस्त आहे. ज्याच्या तुटण्याने विमान पडेल अशा भागाला मोजमापातून आकार कळतो, पण धातू कुठला, हीट ट्रीटमेंट कुठली, शॉट पीनिंग (पृष्ठभागावर बारीक गोळ्यांचा मारा) केलं होतं का, कुठली टॉलरन्स खरी महत्त्वाची, हे नमुना सांगत नाही. ते सिद्ध करायला थकवा चाचण्या लागतात आणि मंजुरी डिझाइनची जबाबदारी असलेल्या संस्थेनेच द्यायची असते. सप्लायरने 'आम्ही तस्संच बनवून देतो' म्हणू नये एवढंच.

तर तुमची लिस्ट. तिचे गट पाडा: स्टँडर्ड बेअरिंग-सील-फास्टनर, रिपेअर होणारी युनिट, इलेक्ट्रॉनिक्स, आणि सुरक्षिततेशी थेट जोडलेलं. पहिला गट तुमचा आहे, त्यात खऱ्या बनवणाऱ्यांकडून थेट कोट घ्या. रिपेअरच्या गटासाठी कॉन्ट्रॅक्टरला विचारा की बिघडलेली किती पडलीत. इलेक्ट्रॉनिक्समध्ये लॅब टेस्टचा खर्च धरूनच दर द्या. शेवटचा गट नम्रपणे परत करा, त्याला मंजूर सोर्सच लागतो आणि तुम्ही तो नाही आहात, अजून तरी. इजेक्शन सीटच्या कार्ट्रिजच्या ओळी असतील, म्हणजे १३७७ ने सुरू होणाऱ्या, तर त्या आजच परत करा, ते स्फोटक आहे, त्याची वाहतूक, साठवण, मुदत सगळं वेगळ्या नियमांत आहे आणि त्यावर एका पायलटचा जीव टांगलेला असतो.

आणि लिस्ट दहा ब्रोकरना एकदम पाठवू नका. दहा जण पुढे पाच-पाच जणांना विचारतात, बाजाराला वाटतं ५० नगांची मागणी आली, आणि जगात एकाच रॅकवर पडलेल्या त्या दोन नगांची किंमत आठवड्यात दुप्पट होते. शिवाय कुठल्या ताफ्याला काय कमी पडलंय हे भलत्याच लोकांना कळतं, कॉन्ट्रॅक्टरला ते अजिबात आवडणार नाही.

ब्रोकरला उत्तर द्यायचंच असेल तर चार ओळी निवडा आणि लिहा की सिरियल किंवा लॉट नंबर दिसेल असे आजचे फोटो, मूळ टॅगची दोन्ही बाजूंची कॉपी, मालकी आधी कोणाची होती आणि निर्यात परवाना कोण काढणार हे कळवा, तपासणी तुमच्या गोडाऊनमध्ये आमचा माणूस किंवा तिसरी संस्था करेल, पैसे तपासणीनंतर लेटर ऑफ क्रेडिटने, म्हणजे बँकेच्या हमीपत्राने. खरा स्टॉकिस्ट यावर कुरकुर करेल, एखादी अट घासाघीस करून बदलून घेईल, पण फोटो दोन दिवसांत पाठवेल. 'दुसरा ग्राहक तयार आहे, उद्यापर्यंत ॲडव्हान्स टाका' असं उत्तर आलं तर त्या दुसऱ्या ग्राहकाला माल जाऊ द्या, आणि दीड वर्षाच्या लीड टाइमवाल्या ओळींची ऑर्डर मूळ कंपनीकडे लगेच टाकायला कॉन्ट्रॅक्टरला सांगा, कारण ते दीड वर्ष ऑर्डर टाकल्यावरच सुरू होतं.